तट कोणी फोडला? – १९१८ ची मानमोडी आणि जिवाणू-विषाणूंची ओळख

  या मालिकेत आपण लढायांबद्दल बोलतो. आजचा विषयही लढाईचाच आहे. पहिल्या महायुद्धात सगळ्या देशांचे मिळून नव्वद लाख ते एक कोटी सैनिक कामी आले. त्याच युद्धाच्या शेवटच्या वर्षी एका तापाने एकट्या भारतात, आजच्या बहुतेक अंदाजांनुसार, त्याहून अधिक माणसे नेली. हे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून पुढे जातात. या तापाला आपल्याकडे नाव पडले 'मानमोडी'. खेड्यांतली जुनी माणसे स्वतःचे वय सांगताना म्हणायची, "मानमोडीच्या साली मी रांगत होतो."

मी डॉक्टर नाही. पण फौजेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवली जाते: समोर कोण आहे ते कळल्याशिवाय गोळी झाडायची नाही. मानमोडीच्या साली जगातले मोठमोठे डॉक्टर नेमके इथे अडकले. त्यांच्याकडे शत्रूचे नाव होते, त्याचे चित्र होते, त्याच्याविरुद्ध केलेली लसही होती. फक्त तो शत्रू हा नव्हता. जिवाणू आणि विषाणू यांच्यातला फरक समजून घ्यायला इतिहासात याहून चांगला धडा मला दुसरा दिसत नाही.

मुंबईची गोदी, जून १९१८

१० जून १९१८. मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि रुग्णालयात दाखल झाले. मलेरिया नव्हता. त्या काळात बंदरात रोज जहाजे लागत होती. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे युद्धासाठी समुद्रापार गेली होती; जखमी परतत होते, नव्या तुकड्या जात होत्या. गोदीनंतर कचेऱ्या, मग गिरण्या, मग सगळे शहर अंथरुणाला खिळले. अंग मोडून येणे, डोके ठणकणे, चार दिवस ताप. पहिली लाट तशी सौम्य होती.

सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि तिने रूप बदलले. मुंबईहून रेल्वेने हा ताप देशभर पोचला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, अनेक घरांत पोटभर अन्न नव्हते. अशा वेळी वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे चार-पाच दिवसांत दगावू लागली. फुफ्फुसे पाण्याने आणि पुवाने भरत, ओठ निळे पडत. हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांची पत्नी आणि घरातली आणखी माणसे याच साथीत गेली. मुंबईच्या आरोग्य खात्याच्या नोंदी पाहिल्या तर युरोपीय वस्तीत हजारी आठ-नऊ मृत्यू दिसतात आणि ज्यांना त्या नोंदी 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतात त्यांच्यात हजारी साठाहून अधिक. ताप तोच, शहर तेच. हा आकडा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

१९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले एकमेव दशक आहे, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. त्याचे मोठे कारण मानमोडी.

डॉक्टरांच्या हातात काय होते?

आता त्या वेळच्या डॉक्टरांच्या जागी उभे राहून पाहू. त्यांना सूक्ष्म जीव माहीत नव्हते असे मुळीच नाही.

१६७६ साली, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबात वळवळणारे इवले जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. माणसाने जिवाणू पाहिल्याची ती पहिली लेखी खबर. हे जीव आजार घडवतात, हे सिद्ध व्हायला मात्र आणखी दोनशे वर्षे गेली. जर्मनीच्या रॉबर्ट कॉखने १८७६ साली अँथ्रॅक्सचा जिवाणू आणि १८८२ साली क्षयाचा जिवाणू दाखवून दिला. पटकीच्या मागावर तो इजिप्तमार्गे कलकत्त्याला आला आणि १८८४ च्या सुरुवातीला तिथल्या एका तलावाच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा पटकीचा जिवाणू त्याला सापडला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने प्लेगचा जिवाणू ओळखला. दोनच वर्षांनी प्लेग मुंबईच्या मांडवीत उतरला. तिथे तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. हाफकीन यांनी मुंबईतच त्या जिवाणूपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

म्हणजे चाळीस वर्षे एकामागून एक विजय मिळत होते. पद्धत ठरलेली होती. रोग्याच्या शरीरात जिवाणू शोधा, बशीत वेगळा वाढवा, निरोगी प्राण्याला टोचून तोच रोग होतो का पाहा, आणि त्या प्राण्यातून तोच जिवाणू परत मिळवा. शत्रूची ओळखपरेडच म्हणा ना.

जिवाणू: स्वयंपूर्ण चौकी

हा जिवाणू असतो तरी कसा? सीमेवरची एखादी दूरची चौकी डोळ्यासमोर आणा. भोवती तटबंदी, आत शिधा, भटारखाना, दुरुस्तीचे सामान आणि हुकमांची वही. मुख्यालयाशी संपर्क तुटला तरी चौकी चालू राहते. जिवाणू तसाच आहे. एकच पेशी, पण स्वयंपूर्ण. बाहेर बहुतेकांना टणक पेशीभित्तिका. आत डीएनएची वळकटी, तीच हुकमांची वही. प्रथिने तयार करणारे हजारो कारखाने, त्यांना रायबोसोम म्हणतात. बाहेरून साखर, क्षार, पाणी मिळाले की जिवाणू स्वतःची ऊर्जा स्वतः तयार करतो, वाढतो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो.

या दुभंगण्याचा वेग पाहा. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाने सुरुवात केली तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांच्या वर. याचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरात रोज येतो. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी दही तयार. थंडीत ते लागत नाही, कारण वाढीला ऊब लागते. दूध फार गरम असले तरी लागत नाही, कारण विरजणातले जिवाणू मरतात. दह्याचे जिवाणू आपले मित्र, हरभऱ्याच्या मुळांच्या गाठींत राहून हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारेही मित्र. आपल्या कातडीवर, तोंडात, आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि बहुतेक वेळा आपल्याला त्यांचा त्रास नसतो.

त्रास देणारे थोडे. त्यांची हत्यारे वेगवेगळी असतात. पटकीचा जिवाणू आतड्याच्या अस्तरात घुसतही नाही; तो नुसते विष सोडतो आणि त्या विषाने शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाऊन बाहेर पडते. हे विष कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवून दिले, १९५९ साली. न्यूमोनियाचा जिवाणू फुफ्फुसातच तळ ठोकतो आणि त्याच्याशी झुंजताना फुफ्फुस पुवाने भरते. हा शेवटचा जिवाणू आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे.

चुकीची ओळखपरेड

१८८९-९० मध्ये इन्फ्लुएन्झाची एक मोठी साथ जगभर फिरली होती. तिच्या पाठोपाठ १८९२ साली कॉखच्याच संस्थेतल्या रिचर्ड फायफरने जाहीर केले की रोग्यांच्या बेडक्यात त्याला एक अगदी बारीक काडीसारखा जिवाणू मिळाला आहे आणि तोच इन्फ्लुएन्झाचे कारण आहे. नाव मोठे, संस्था मोठी. पाठ्यपुस्तकांत 'फायफरचा जिवाणू' छापला गेला. ओळखपरेडीची शेवटची पायरी, म्हणजे प्राण्याला टोचून तोच रोग घडवून दाखवणे, नीट पार पडली नव्हती. पण तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

मग १९१८ उजाडले. बर्लिन, लंडन, न्यूयॉर्क, मुंबई, सगळीकडे डॉक्टर फायफरचा जिवाणू शोधू लागले. काही रोग्यांत तो मिळाला, काहींत मिळाला नाही. कुठे न्यूमोनियाचा जिवाणू मिळे, कुठे स्ट्रेप्टोकोकस. आता खरे तर शंका घ्यायला हवी होती. पण बहुतेकांनी शंका घेतली ती स्वतःच्या हातावर. आपले तंत्र कच्चे, म्हणून तो वाढत नाही! न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ओसवाल्ड एव्हरीने हा नाजूक जिवाणू बशीत वाढावा म्हणून खास खाद्य तयार केले. ब्रिटनच्या वॉर ऑफिसने सैनिकांसाठी लस मंजूर केली, तिच्यात फायफरचा जिवाणू, न्यूमोनियाचा जिवाणू आणि स्ट्रेप्टोकोकस, तिघांचीही मिसळ होती. टेहळणीत शत्रू नक्की ओळखता आला नाही, तर संशयित सगळ्या टेकड्यांवर तोफा डागाव्यात, तसे हे झाले.

फौजेच्या इतिहासात असे प्रसंग भरपूर आहेत. खबर आधी ठरलेल्या समजुतीशी जुळली नाही की माणूस खबर खोटी मानतो, समजूत नाही. १९१८ चे डॉक्टर मूर्ख नव्हते. रुग्ण डोळ्यांसमोर मरत असताना ते दिवसरात्र राबत होते, त्यांतले कित्येक स्वतः त्याच तापाने गेले. पण चाळीस वर्षांच्या विजयाने त्यांना एकाच प्रकारचा शत्रू शोधायला शिकवले होते.

गाळणीतून निसटलेला

दुसऱ्या प्रकारच्या शत्रूची चाहूल खरे तर आधीच लागली होती. १८८४ साली पाश्चरच्या प्रयोगशाळेत शाम्बरलांने बिनझिलईच्या चिनी मातीची गाळणी बनवली. तिची छिद्रे इतकी बारीक, की पाण्यातले जिवाणू तिच्यात अडकून राहत आणि खाली स्वच्छ पाणी येई. १८९२ साली, म्हणजे ज्या वर्षी फायफरने आपली घोषणा केली त्याच वर्षी, रशियाच्या इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा गाळणीतून गाळला. खाली आलेला रस निरोगी झाडाला लावला, तरी झाड रोगी झाले! १८९८ साली हॉलंडच्या बायरिंकने हाच प्रयोग पुढे नेला आणि सांगितले की हे काहीतरी निराळे आहे: गाळणीतून जाते, बशीत वाढत नाही, फक्त जिवंत पेशीतच वाढते. त्याने त्याला लॅटिनमधले जुने नाव दिले, 'व्हायरस', म्हणजे विष. त्याच वर्षी लॉफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवले की गुरांची लाळ-खुरकतही अशाच गाळणीतून निसटणाऱ्या कारणाने होते.

विषाणू किती लहान असतो? फौजेतला तीन टनी ट्रक घ्या, साधारण सहा मीटर लांब. ई. कोलाय जिवाणू त्या ट्रकएवढा मानला, तर इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्याच्यापुढे तीस सेंटिमीटरचा, म्हणजे फुटबॉलपेक्षा थोडा मोठा चेंडू. साध्या सूक्ष्मदर्शकात ट्रक दिसतो, चेंडू दिसत नाही, कारण प्रकाशाने पाहण्याची मर्यादाच तिथे संपते. फायफर आणि त्याच्यासारखे हजारो जण जे भिंग लावून बसले होते, त्यातून हा शत्रू दिसणे शक्यच नव्हते.

विषाणू: पाकिटातला खोटा हुकूम

पण फरक नुसत्या आकाराचा नाही. जिवाणू जर चौकी, तर विषाणू म्हणजे पाकिटात घातलेला खोटा हुकूम. त्याला शिधा नाही, भटारखाना नाही, रायबोसोम नाही, ऊर्जा बनवायची सोय नाही. प्रथिनांचे एक कवच, काहींना त्यावर स्निग्ध पदार्थाचे आवरण आणि आत हुकमांचे थोडे कागद, डीएनएचे किंवा आरएनएचे. बाहेर पडून राहिला तर तो ना खातो, ना वाढतो. टेबलावर ठेवलेल्या पाकिटासारखा पडून राहतो आणि काही वेळाने निकामी होतो. १९३५ साली वेंडेल स्टॅन्लीने तंबाखूच्या विषाणूचे मिठासारखे स्फटिक करून दाखवले, तेव्हा हा जीव म्हणायचा की पदार्थ, असा प्रश्न लोकांना पडला.

हेच पाकीट योग्य दारात पोचले की सारे बदलते. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. एक किल्लीसारखा; तो आपल्या घशातल्या, श्वासनलिकेतल्या पेशीच्या कुलपात बसतो आणि पेशी त्याला आत घेते. आत गेल्यावर पाकीट फुटते आणि आरएनएचे आठ तुकडे बाहेर पडतात. पेशीचे कारखाने हुकूम कोणाचा हे विचारत नाहीत. आलेल्या कागदाप्रमाणे ते विषाणूचे भाग बनवू लागतात. आपलाच कारखाना, आपलाच कच्चा माल, आपलेच कामगार आणि तयार होते शत्रूची फौज. दुसरा काटा कात्रीसारखा; तो नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवून पुढच्या पेशीकडे पाठवतो. या दोन काट्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे एच आणि एन. 'एच१एन१' असे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता ते यांच्यावरूनच.

कागद नकलताना आरएनएचा विषाणू भरपूर चुका करतो. बहुतेक चुका त्यालाच नडतात. पण एखादी चूक काट्याचा आकार किंचित बदलते आणि आपल्या शरीराने गेल्या वर्षी ओळख पटवून ठेवलेला शत्रू या वर्षी वेगळ्या गणवेशात येतो. म्हणून फ्लूची लस दर वर्षी नव्याने जुळवावी लागते.

तट फोडणारा आणि लुटणारे

१९३१ साली अमेरिकेत रिचर्ड शोपने डुकरांच्या इन्फ्लुएन्झाचा छडा लावला. आजारी डुकरांचा स्राव गाळून दिला तर निरोगी डुकरांना सौम्य ताप येई. त्यांच्यात सापडणारा, फायफरच्या जिवाणूचा भाऊ शोभेल असा जिवाणू एकटा दिला तर काहीच होत नसे. दोन्ही एकत्र दिले की डुकरे गंभीर आजारी पडत. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, लंडनला विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लू झालेल्या माणसांच्या घशातल्या गुळण्या गाळून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडल्या. फेरेट तापले. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला. मानमोडीला तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती.

म्हणजे १९१८ च्या डॉक्टरांना फुफ्फुसांत दिसलेले जिवाणू खोटे होते का? नाही. इथेच या गोष्टीतली खरी मेख आहे. आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केसांची झालर असते. ती सतत हलते आणि धूळ, शेंबूड, जिवाणू झाडूने लोटावेत तसे वर ढकलते. विषाणूने हे अस्तरच सोलून काढले. झाडूवाला गेला. मग नाकात, घशात एरवी निमूटपणे राहणारे जिवाणू खाली फुफ्फुसांत घसरले. साठवून ठेवलेल्या त्या काळच्या नमुन्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच निघाले की बहुतेक मृत्यूंत शेवटचा घाव जिवाणूंच्या न्यूमोनियाचा होता. तट फोडला विषाणूने, आत शिरून लूट केली जिवाणूंनी. डॉक्टर पोचले तेव्हा गावात लुटारू दिसत होते, सुरुंग लावणारा दिसत नव्हता. त्यांनी लुटारूंनाच वेढा घालणारी फौज मानले.

आता मुंबईचा तो आकडा आठवा. विषाणूने तट फोडल्यावर आत किती लूट होते, हे घरातल्या अन्नावर, मोकळ्या हवेवर, शुश्रूषा करणाऱ्या माणसावर ठरते. एका खोलीत दहा माणसे, पोट अर्धे, पाणी पाजायला उठेल असे कोणी नाही. तिथे हजारी साठ गेले. सूक्ष्म जीव जात पाहत नाहीत, पण समाजाने कोणाला कुठे राहायला लावले आहे, त्याचा फायदा ते जरूर घेतात.

या कथेचा शेवटचा पुरावा एका शिपायाने दिला. अमेरिकेतल्या कॅम्प जॅक्सन छावणीत सप्टेंबर १९१८ मध्ये एक एकवीस वर्षांचा सैनिक न्यूमोनियाने गेला. त्याच्या फुफ्फुसाचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून लष्कराच्या संग्रहात ठेवला होता. सुमारे ऐंशी वर्षांनी जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या पथकाने त्यातून, दुसऱ्या एका सैनिकाच्या नमुन्यातून आणि अलास्काच्या बर्फात पुरलेल्या एका देहातून विषाणूचे तुटके आरएनए जुळवले. २००५ साली आठही तुकड्यांची मांडणी पूर्ण झाली: एच१एन१. नाव-पत्ता मिळायला सत्त्याऐंशी वर्षे लागली.

हत्यार कोणावर?

१९२८ साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिन सापडले, हे आपण शाळेत शिकलो. कमी माहीत असलेली बाब अशी: १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच फायफरच्या जिवाणूचा उल्लेख आहे. पेनिसिलिनने बशीतले इतर अनेक जिवाणू मरत, फायफरचा मरत नसे. म्हणून तो वेगळा काढायला हे द्रव्य उपयोगी पडेल, असे फ्लेमिंगने लिहिले. विसाव्या शतकातले सर्वात मोठे औषध जन्मले तेव्हा त्याला पहिले काम मिळाले ते निरपराध संशयिताला पकडून देण्याचे!

पेनिसिलिन काम कसे करते? जिवाणूची पेशीभित्तिका वाढीच्या वेळी नव्याने बांधावी लागते. ते बांधकाम पेनिसिलिन अडवते. भिंत कच्ची राहते, आत पाणी शिरते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसते, म्हणून आपण वाचतो. दुसरी काही प्रतिजैविके जिवाणूचे रायबोसोम बंद पाडतात; ते रायबोसोम आपल्यापेक्षा निराळ्या घडणीचे असतात. आता सांगा, विषाणूला भिंतही नाही आणि रायबोसोमही नाही. मग ही औषधे त्याचे काय बिघडवणार? पाकिटातल्या कागदावर रणगाडाविरोधी तोफ डागून उपयोग नाही.

विषाणूविरुद्ध खरे बळ आपल्या शरीराच्या ओळखीचे, आणि ती ओळख आगाऊ करून देते ती लस. काही विषाणूंवर नेमकी औषधेही आहेत. इन्फ्लुएन्झावरचे ओसेल्टामिविर त्या कात्रीच्या काट्याला अडवते. पण ते फ्लूचे औषध आहे, प्रत्येक सर्दीचे नव्हे.

स्वतंत्र भारताने दोन्ही शत्रू ओळखले होते, आणि योगायोगाने दोन्ही ठाणी पुण्याच्या परिसरातच उभी राहिली. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. एक संस्था शत्रू ओळखणारी, दुसरी हत्यार बनवणारी.

घरातला निर्णय

मंडळी, हा नुसता जुना इतिहास असता तर मी इतका वेळ घेतला नसता. फौजेत रोज सकाळी आजारी जवान एम. आय. रूमपुढे रांगेत उभे राहतात. सर्दी-खोकल्याचा ताप असला की बरेच जण म्हणायचे, "साब, स्ट्राँग गोली दे दो." आमचे एक डॉक्टर सांगायचे, "पहले दुश्मन तो देखने दे." निवृत्तीनंतर गावात, सोसायटीत पाहतो तर चित्र तेच. नाक वाहू लागले की कोणीतरी औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणतो, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात. सर्दी विषाणूची होती, ती तशीही ओसरणारच होती. श्रेय मात्र गोळीला मिळाले.

नुकसान काय झाले? गोळीने विषाणूला हात लावला नाही, पण पोटातल्या, घशातल्या जिवाणूंवर हल्ला केला. कच्चे मेले. ज्यांच्या हुकमांच्या वहीत योगायोगाने गोळीवरचा तोडगा होता ते उरले आणि पसरले. त्यात जिवाणूंची एक खोड अशी, की ते आपल्या वहीतली पाने शेजाऱ्याला देतात. १९२८ साली लंडनला फ्रेडरिक ग्रिफिथने न्यूमोनियाच्या जिवाणूंत पाहिले की मेलेल्या घातक जिवाणूंचा गुण जिवंत निरुपद्रवी जिवाणूंत उतरतो. तो गुण नेणारे द्रव्य डीएनए आहे, हे १९४४ साली सिद्ध केले ते त्याच एव्हरीने, ज्याने १९१८ मध्ये फायफरच्या जिवाणूसाठी खाद्य बनवले होते. औषधाला दाद न देण्याचा गुणही अशा देवघेवीने पसरतो. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

तेव्हा तीन साध्या गोष्टी. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २०१६ पासून सरकारने तिचा प्रचार केला तो यासाठीच. डॉक्टर "हा व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको" म्हणाले तर ते औषधात कंजुषी करत आहेत असे समजू नका. आणि तिसरी गोष्ट मानमोडीने शिकवलेली: फ्लूचा ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागू लागली, तर घरी थांबू नका. कदाचित तट फुटून मागून लुटारू आत शिरले असतील. तेव्हा मात्र अँटिबायोटिक जीव वाचवते, आणि ते कधी द्यायचे हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

१९१८ साली आपल्या पणज्या-पणजोबांकडे यातले एकही हत्यार नव्हते, शत्रूचे खरे नावही नव्हते. आपल्याकडे दोन्ही आहे. हत्यार बोथट होण्याआधी ते जपून वापरणे एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे. आज इथे थांबतो. तुमच्या घराण्यात मानमोडीची एखादी आठवण कोणी सांगितली असेल तर ती लिहून ठेवा. अशा आठवणी सांगणारी माणसे आता फार उरलेली नाहीत.

जय हिंद.